चारचा पाढा आणि हनोईची रात्रगाडी

बारा माणसांचं कुटुंब परदेशी फिरायला न्यायचं म्हटलं की ऐकणारे आधी कीव करतात. ‘एवढ्या जणांचं कसं परवडणार?’ हा प्रश्न ठरलेला. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. नवरा-बायको दोघंच जातात तेव्हा सगळं किरकोळ भावाने घेतात. खोली दोघांची, टॅक्सी दोघांची, वाटाड्याही दोघांपुरता. बारा जण म्हणजे घाऊक गिऱ्हाईक. फक्त घाऊक माल नीट मापात मिळेल असा देश शोधावा लागतो. नातेवाइकांच्या आणि सोसायटीतल्या मंडळींच्या सहलींचे तक्ते मांडून देण्याची हौस मला बरीच वर्षं आहे. त्यातून माझं ठाम मत झालंय की मोठ्या कुटुंबाने पहिला परदेश करावा तो व्हिएतनाम, आणि तोही रेल्वेने. (‘आली गाडीवर!’ असं हे वाचून आमचे दीर म्हणतील. म्हणू देत.)

सगळं चारात मोजा

व्हिएतनामच्या लांबच्या गाड्यांत ‘सॉफ्ट स्लीपर’ नावाचा वर्ग असतो. त्यात बंद दाराचे कूपे, दर कूप्यात चार बर्थ. बारा जण म्हणजे बरोबर तीन कूपे, एकही परका माणूस नाही. रस्त्यावर तिथे सोळा आसनी व्हॅन जागोजागी दिसते. बारा माणसं, त्यांच्या बॅगा आणि पुढच्या सीटवर चालकाशी खुणांनी गप्पा मारणारे सासरे, हे सगळं एका व्हॅनमध्ये बसतं. हनोई आणि होई आनला तीन-चार खोल्यांची अख्खी घरं भाड्याने मिळतात, स्वयंपाकघरासकट. म्हणजे तीन कूपे, एक व्हॅन, एक घर. आमच्या सहलीचा सगळा आराखडा एवढाच होता. सासू-सासरे, आम्ही दोघं, दीर-जाऊबाई, नणंद आणि तिचे यजमान, आणि चार मुलं असा आमचा गोतावळा.

विमानाचं गणित मात्र चारचं नाही, नऊचं. बहुतेक विमान कंपन्यांच्या संकेतस्थळांवर एका वेळी नऊच तिकिटं काढता येतात. दहा झाले की तुम्ही ‘ग्रुप’, आणि ग्रुपचा दर स्वस्त असेलच असं नाही. दुसरी गोम अशी, की एकाच दराच्या जागा मोजक्या असतात. स्वस्त दराच्या पाच जागा उरल्या असताना तुम्ही एकदम नऊ मागितल्या, तर यंत्रणा नऊच्या नऊ जणांना वरचा दर लावते. म्हणून आधी नऊचा दर बघा, मग चारचा, मग दोनचा, आणि जिथे बेरीज कमी तिथे तुकडे करा. प्रत्येक तुकड्यात एक कर्ता माणूस ठेवा, म्हणजे विमान बदललं किंवा रद्द झालं तर आजी-आजोबा एकटे पडत नाहीत. मुंबईहून हनोईला आणि हो ची मिन्ह सिटीला थेट विमानं आहेत. एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परतलं, की देश उत्तर-दक्षिण पार होतो आणि आल्या वाटेने मागे फिरण्याचा खर्च वाचतो. स्वस्त विमानात बॅगेचे पैसे वेगळे असतात. माणशी बॅग घेऊ नका, दोघांत एक पुरते.

कागदपत्रांचं उरकून टाकते. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपुढे सहा महिने हवी. मुलांचा पासपोर्ट सहसा पाचच वर्षांचा असतो, तो आधी तपासा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी पासपोर्टावर आहे तेच नाव, त्याच स्पेलिंगने, सगळीकडे लिहावं. व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो, एकदा प्रवेशाचा २५ डॉलरना, ९० दिवसांपर्यंतचा. अर्ज तिथल्या सरकारी संकेतस्थळावरच करा, कारण हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळं याच कामाचे दुप्पट-तिप्पट घेतात. सत्तरीपुढच्यांचा प्रवासविमा काढाच. पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस हा कर वसूल होतो, तो प्राप्तिकराचं विवरणपत्र भरताना वळता करून घ्या. झालं.

मे महिना आणि दिवाळी

हा अंक हातात पडेल तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत कुठेतरी जाऊ या असं वाटत असेल. मध्य व्हिएतनामला तेव्हा जाऊ नका. हुए, दा नांग, होई आन या पट्ट्यात ऑक्टोबर-नोव्हेंबर हा भर पावसाचा काळ. होई आनच्या जुन्या गल्ल्यांत नदीचं पाणी शिरतं आणि लोक होड्यांतून फिरतात. आपल्याला सोयीचा मे महिना तिथे कोरडा आणि कडक उन्हाचा. पण ज्यांनी परभणी-नांदेडचा मे काढलाय त्यांना त्याचं काय! सकाळी लवकर बाहेर पडायचं, दुपारी झोपायचं, संध्याकाळी दा नांगच्या समुद्रावर. ३० एप्रिल आणि १ मे या तिथल्या जोडसुट्ट्या मात्र टाळा. तसाच जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीतरी येणारा ‘तेत’ हा त्यांचा नववर्षाचा सण. तेव्हा अख्खा देश गावी निघतो आणि बर्थ मिळणं मुश्कील होतं.

आता गाडी

माझं माहेर परभणीचं. मनमाडहून औरंगाबाद, परभणीमार्गे काचीगुड्याला जाणारी लाइन मी लहान असताना मीटरगेज होती. नव्वदच्या दशकात ती ब्रॉडगेज झाली. सगळ्यांना आनंद झाला, मला फारसा नाही. मीटरगेजचा डबा अरुंद. समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघे लागतात आणि बोलल्यावाचून गत्यंतर नसतं. व्हिएतनामची मुख्य रेल्वे आजही मीटरगेज आहे हे मला कळलं, त्याच दिवशी आमच्या सहलीचा देश ठरला. घरच्यांना कारणं मी नंतर शोधून दिली.

हनोई ते सायगाव ही लाइन १,७२६ किलोमीटरची. सायगाव म्हणजे आजची हो ची मिन्ह सिटी. तिथल्या स्टेशनाचं नाव मात्र अजून सायगावच. पॉल दुमेर या फ्रेंच गव्हर्नर-जनरलने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही रेल्वे मनावर घेतली आणि ती पुरी झाली १९३६ साली. हनोईत तांबड्या नदीवरचा लाँग बिएन पूल १९०२ सालचा. त्यालाही आधी याच दुमेरचं नाव होतं. त्या पुलावरून रेल्वे अजून जाते, आणि दोन्ही अंगांनी स्कूटरी. मुलं खाण्यात गुंतली होती तेव्हा मी आणि सासरे तिथे जाऊन उभे राहिलो. सासरे निवृत्त ओव्हरसीअर, त्यांनी रिवेट मोजायला घेतले.

१९५४ साली देशाची फाळणी झाली आणि लाइनही तुटली. पुढच्या युद्धात पूल आणि बोगदे बाँबहल्ल्यांत सापडत राहिले. १९७५ साली युद्ध संपल्यावर शेकडो पूल दुरुस्त करून ३१ डिसेंबर १९७६ ला ही लाइन पुन्हा सुरू झाली. दीड वर्षाच्या थोड्या पुढे! आमच्याकडचा एक उड्डाणपूल मी किती वर्षं अर्धवट बघतेय ते इथे लिहीत नाही.

हनोईहून रात्री आठ-नऊच्या सुमाराला सुटणारी गाडी धरा. ती सकाळी उशिरा हुएला पोचते आणि दुपारी दा नांगला. हनोई ते हुए ६८८ किलोमीटर. सॉफ्ट स्लीपरचं भाडं हंगामाप्रमाणे बदलतं. साधारण दहा लाख डोंग म्हणजे तीन-साडेतीन हजार रुपये धरून चाला. स्वस्तातल्या विमानाचं तिकीटही कधीकधी एवढ्यात मिळतं, हे दिरांनी मला चारदा सांगितलं. पण विमान म्हणजे हनोईत आणखी एक मुक्काम, विमानतळाच्या दोन फेऱ्या आणि बॅगांचे पैसे. रात्रगाडीत झोप आणि प्रवास एकाच तिकिटात होतो. बारा जणांच्या एका रात्रीच्या खोल्यांचं भाडं त्यातून वजा करा, मग बोलू.

बर्थ निवडताना तिथल्या रेल्वेच्या संकेतस्थळावर डब्याचा नकाशा दिसतो. खालचे बर्थ किंचित महाग, ते ज्येष्ठांना द्या. आम्ही कुटुंबाप्रमाणे वाटणी केलीच नाही. एक कूपा घोरणाऱ्यांचा, एक मुलांचा आणि एक उरलेल्यांचा. ही वाटणी नणंदेची, आणि सहलीतल्या शांततेचं श्रेय तिलाच. डब्याच्या टोकाला गरम पाण्याची सोय असते. लोक तिथे नूडल्स भिजवतात, आम्ही मेतकूट-भाताचा बेत आखला होता, पण शेवटी चहाच झाला. त्याहून स्वस्तात जायचं तर सहा बर्थचा ‘हार्ड स्लीपर’ आहे. सर्वांत वरचा बर्थ इतका अडचणीचा की तिथे फक्त कॉलेजातल्या मुलांनीच चढावं.

आणि मग हुए ते दा नांग. जेमतेम शंभर किलोमीटर, अडीच-तीन तास. याच तुकड्यासाठी मी हा सगळा खटाटोप केला होता. दक्षिणेकडे जाताना डाव्या हाताची खिडकी पकडा. आधी भातखाचरं, मग लांग को नावाची खाडी, आणि मग हाय व्हान घाट. हमरस्त्याने निघालात तर बस २००५ साली झालेल्या सव्वासहा किलोमीटरच्या बोगद्यात शिरते आणि पलीकडे बाहेर पडते. समुद्राचा पत्ता नाही. रेल्वे मात्र डोंगराला समुद्राच्या बाजूने वळसा घालते. वेग इतका कमी की झाडाचं पान ओळखता यावं. खाली लाटा, मध्ये छोटे बोगदे, आणि वळणावर आपलीच गाडी पुढे दिसते. सासूबाईंनी जप थांबवून खिडकीला नाक लावलं, एवढं सांगितलं तरी पुरे. रात्रगाडी झेपणार नसेल तर निदान हुए-दा नांग एवढा तुकडा दिवसा करा. मार्च २०२४ पासून तेवढ्यापुरती एक खास पर्यटक गाडीही धावते, पण मला विचाराल तर साधी गाडी बरी. तिच्यात कोंबडीवाले आणि फेरीवाले नसले, तरी गावाला निघालेली खरीखुरी माणसं असतात.

रेल्वेवेड्यांसाठी एक जादा गंमत. दा नांग स्टेशनात लाइन संपते. सायगावकडे जायला इंजिन दुसऱ्या टोकाला लावतात आणि गाडी उलट दिशेने निघते. फलाटावर उभं राहून हे बघायला बारा जणांतले दोघंच आले: मी आणि आठ वर्षांचा पुतण्या.

घनदाट झाडीतला महादेव

दा नांगहून व्हॅन केली की होई आन तीस किलोमीटर, आणि तिथून तासाभरावर मी सोन. हे जुन्या चंपा राज्यातल्या चाम राजांचं देवस्थान. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजाने इथे भद्रेश्वर नावाने शिवाची स्थापना केली आणि पुढे हजारेक वर्षांत इथे विटांची मंदिरं उभी राहत गेली. १९६९ च्या अमेरिकी बाँबफेकीत बरीच पडली. १९९९ साली युनेस्कोने याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने इथल्या काही मंदिरांची डागडुजी केली, आणि त्या कामात २०२० साली नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग मिळालं. आपल्या माणसांना दाखवायचं ते हे. दा नांगमधलं चाम शिल्पांचं संग्रहालय आधी बघा, म्हणजे मी सोनच्या रिकाम्या कोनाड्यांत काय होतं ते डोळ्यांपुढे येतं. सकाळी आठच्या आत पोचा, नाहीतर उन्हाने विटा तापतात.

पोटोबा आणि पाकीट

शाकाहाऱ्यांनी ‘चाय’ हा शब्द पाठ करावा. ‘क्वान चाय’ अशी पाटी दिसली की आत शाकाहारी जेवण. बौद्ध परंपरेमुळे चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला तिथे अनेक लोक शाकाहार करतात, त्या दिवशी अशी ठिकाणं भरलेली असतात. हुएमध्ये तर चंगळ. एरवी भाजीतही माशाचा रस घालतात, तेव्हा विचारून घ्या. होई आनच्या भाड्याच्या घरात आम्ही रोज एक वेळ वरण-भात लावला. एका जेवणाचे पैसे वाचले हे खरं, पण दुसऱ्या जेवणाला मंडळी मोकळ्या मनाने बाहेर आली, हा फायदा मोठा.

पैशांचा हिशोब पुतणीकडे दिला. एक सामायिक पाकीट, त्यात प्रत्येक घराने सारखी रक्कम टाकायची, संपली की पुन्हा टाकायची. खरेदी ज्याची त्याने. एका रुपयाला तीनशेच्या आसपास डोंग, त्यामुळे आकडे लाखांत जातात आणि सासरे दोन दिवस स्वतःला लक्षाधीश समजत होते. २० हजारांची आणि ५ लाखांची, दोन्ही नोटा निळ्या. त्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा, विशेषतः रात्री टॅक्सीतून उतरताना.

आणखी एक मत, रागावू नका. बारा जणांनी बारा वेळ एकत्र फिरलंच पाहिजे असं नाही. सकाळी सगळे एकत्र, दुपारनंतर ज्याचं तो. खर्च वाढतो तो सगळ्यांना सगळं दाखवायच्या हट्टाने. ज्याला केबल कार हवी त्याने केबल कारचं तिकीट काढावं, आजींना समुद्रावरची खुर्ची पुरते.

तेव्हा मे महिन्यासाठी आजच माणसं मोजायला घ्या. जानेवारीत विमानं बघा, दोन-तीन महिने आधी बर्थ धरा. आणि मोजणी चौदावर अडली, तर कूप्यांचं गणित जमावं म्हणून दोघांना वगळू नका. चौथ्या कूप्यातल्या रिकाम्या दोन बर्थवर परकेच येणार आहेत. त्यापेक्षा मावशी आणि काकांना विचारा, ते कधीचे वाट बघत असतील.