राजांच्या समाध्या आणि त्यांमागचे राजकारण

जालना शहरातून सिंदखेडराजाकडे निघाल्यावर जिल्ह्याची हद्द ओलांडताच बुलढाणा जिल्हा लागतो आणि जिजाबाईंच्या या माहेरगावी त्यांचे वडील लखुजी जाधवराव यांची भव्य समाधी दिसते. पश्चिमेला दौलताबादच्या पलीकडे खुलताबाद येथे निजामशाहीचा वजीर मलिक अंबर, मुघल बादशहा औरंगजेब आणि हैदराबादच्या राज्याचा संस्थापक पहिला आसफजाह यांच्या कबरी आहेत. ही दोन्ही स्थळे एकत्र पाहिली, तर सतराव्या आणि अठराव्या शतकांतील दख्खनच्या सत्तासंघर्षाचा पट उलगडतो.

हिंदू राजांच्या बाबतीत समाधी म्हणजे प्रेत पुरलेली जागा नव्हे, तर दहनानंतर मृताच्या स्मरणार्थ उभारलेली वास्तू असते. त्यामुळे तिचा आकार मृताच्या इच्छेपेक्षा मागे राहिलेल्या वारसांच्या हिमतीवर आणि ऐपतीवर ठरतो. लखुजी स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज मानत आणि अहमदनगरच्या निजामशाहीतील बलाढ्य सरदारांत त्यांची गणना होत असे. काही काळ ते मुघलांकडेही गेले होते. पुढे ते निजामशाहीत परतले, परंतु 1629 च्या जुलैमध्ये निजामशहाच्या आज्ञेने त्यांना त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांच्यासह दौलताबादेत दगा देऊन ठार मारण्यात आले. ज्या देवगिरीवर, म्हणजेच दौलताबादवर, यादवांनी राज्य केले, त्याच किल्ल्यावर स्वतःला त्यांचा वंशज म्हणवणाऱ्याचा असा शेवट झाला.

या हत्येने निजामशाहीने स्वतःचाच आधार तोडला, कारण त्यानंतर जाधवांचे घराणे मुघलांना जाऊन मिळाले, लखुजींचे जावई शहाजीराजे भोसले यांनीही काही काळ तोच मार्ग धरला आणि 1633 मध्ये दौलताबाद मुघलांच्या हाती पडले. सिंदखेडची चौरस पायावरची, कमानींची आणि मोठ्या घुमटाची समाधी या पार्श्वभूमीवर पाहावी लागते. ज्यांना एका दिवसात संपवण्यात आले, त्यांचे घराणे संपले नाही, हे ती वास्तू आजही ठामपणे सांगते.

खुलताबादचे तर्कशास्त्र निराळे आहे, कारण तिथे सत्ताधीशांना सूफी संतांच्या सहवासात चिरविश्रांती हवी होती. 1626 मध्ये निधन पावलेल्या मलिक अंबरची कबर घुमटाखाली आहे, तर 1707 मध्ये अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे मरण पावलेल्या औरंगजेबाला शेख जैनुद्दीन शिराजी यांच्या दर्ग्याच्या आवारात उघड्या आकाशाखाली साध्या मातीत दफन केले गेले. सभोवतीची संगमरवरी जाळी विसाव्या शतकात बसवण्यात आली. ज्या आसफजाहाच्या आज्ञेने 1725 मध्ये जालन्याचा किल्ला बांधला गेला, तोही 1748 मध्ये बुऱ्हाणपूर येथे मरण पावल्यावर इथेच, शेख बुरहानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात विसावला.

वारस आणि स्मारक यांचे नाते इंग्लंडमध्येही असेच दिसते. ट्यूडर घराण्यातील आठव्या हेन्रीने स्वतःसाठी थोर स्मारकाची योजना आखली होती, पण 1547 मध्ये तो वारल्यानंतर त्याच्या तिन्ही राज्यकर्त्या अपत्यांपैकी कोणीही ते पूर्ण केले नाही आणि विंडसरच्या प्रार्थनामंदिरातील तळघरात तो स्मारकाविनाच राहिला. 1485 मध्ये बॉसवर्थच्या लढाईत पडलेला तिसरा रिचर्ड तर 2012 मध्ये लेस्टर शहरातील वाहनतळाखाली सापडला आणि 2015 मध्ये त्याचे सन्मानाने पुन्हा दफन झाले.

राजाने आयुष्यात काय मिळवले हे बखरी आणि फर्माने सांगतात. त्याच्यामागे कोण उरले आणि त्यांना काय सिद्ध करायचे होते, हे समाध्या आणि कबरी सांगतात. म्हणून सिंदखेडराजा आणि खुलताबाद येथील वास्तूंकडे केवळ अभिमानाच्या किंवा रोषाच्या नजरेने न पाहता, मराठवाडा आणि विदर्भ यांच्या सामाईक इतिहासाचे अस्सल दस्तऐवज म्हणून पाहिले पाहिजे आणि कागदपत्रे जपावीत त्याच काटेकोरपणे त्यांचे जतन व अभ्यास झाला पाहिजे.