कोड लिहिणाऱ्या एआयवर नजर कोणाची?

जेसन लेमकिन या अमेरिकी उद्योजकाने जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या सेवेतल्या एआय सहाय्यकाला बजावलं होतं, की आता कशालाही हात लावायचा नाही. सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला ‘कोड फ्रीझ’ म्हणतात. तरीही सहाय्यकाने चालू डेटाबेस पुसून टाकला. त्यात बाराशेहून अधिक अधिकाऱ्यांची आणि जवळपास तितक्याच कंपन्यांची माहिती होती. जाब विचारल्यावर त्याने चूक कबूल केली, शिवाय गेलेला डेटा परत मिळणार नाही असंही ठामपणे सांगितलं. लेमकिन यांनी स्वतः खटपट केली, तेव्हा तो मिळाला.

रेप्लिटचे प्रमुख अमजद मसाद यांनी जाहीर माफी मागितली आणि काय बदलणार तेही सांगितलं. प्रयोगाचा डेटाबेस आणि खरा डेटाबेस आपोआप वेगळे राहतील. शिवाय सहाय्यकाशी नुसती चर्चा करता येईल, कोड जागचा हलणार नाही, अशीही सोय होईल. सहाय्यकाला अधिक कडक शब्दांत समज देण्यावर यातल्या कशाचीच भिस्त नव्हती. त्याचा हात कुठवर पोचू द्यायचा, एवढाच प्रश्न होता.

त्याच्या चार वर्षं आधी हा प्रश्न पडत नव्हता. २०२१ मध्ये गिटहब कोपायलट आला, तेव्हा तो फक्त पुढच्या ओळी सुचवायचा. पटलं तर प्रोग्रॅमर टॅबची कळ दाबायचा, नाही तर पुढे जायचा. चूक झालीच तर ती पडद्यावर डोळ्यांसमोर असायची. क्लॉड कोड, कर्सर, जेमिनाय सीएलआय ही आजची साधनं फायली उघडतात, पॅकेज उतरवून घेतात, टर्मिनलमध्ये कमांड चालवतात आणि निकाल बघून पुढचं पाऊल स्वतःच ठरवतात. प्रोग्रॅमरची नजर पोचेपर्यंत काम होऊन गेलेलं असतं.

मग नजर ठेवायची कुठे? यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते: एआयचं मॉडेल स्वतः काहीच चालवत नाही. ‘ही कमांड चालवा’ एवढंच ते लिहून देतं. ती चालवतो संगणकावरचा एक साधा प्रोग्रॅम. लिहिणं आणि चालवणं यांच्यामध्ये जो क्षण असतो, तिथे देखरेखीचं साधन बसवता येतं. क्लॉड कोडमध्ये त्याला ‘हूक’ म्हणतात.

समजा, सहाय्यकाला डिस्कवर जागा मोकळी करायला सांगितली आणि त्याने एक अख्खं फोल्डर उडवायचं ठरवलं. कमांड चालण्याआधी तिचा पूर्ण मजकूर प्रोग्रॅमरने लिहिलेल्या एका छोट्या स्क्रिप्टकडे जातो. कमांड पुसण्याची आहे का, फोल्डर प्रकल्पाबाहेरचं आहे का, एवढं स्क्रिप्ट तपासते. हरकत असेल तर ती २ हा आकडा परत देऊन थांबते आणि कमांड तिथेच अडते. अडवण्याचं कारणही स्क्रिप्टला लिहून देता येतं. ते मॉडेलकडे पोचतं आणि मॉडेल दुसरी वाट शोधू लागतं.

खरी मेख या दुसऱ्या वाटेत आहे. पुसण्याची कमांड बंद केली, तर सहाय्यक पायथनमध्ये चार ओळींची फाइल लिहून तेच फोल्डर पुसू शकतो. त्यात लबाडी असतेच असं नाही. दिलेलं काम तडीस न्यायचं, एवढंच त्याला कळतं. पहारा कमांडच्या शब्दांवर असेल, तर शब्द बदलले की पहारा चुकतो. म्हणून हूकच्या खाली आणखी एक थर लागतो, तो म्हणजे सँडबॉक्स. क्लॉड कोड त्यासाठी लिनक्सवर बबलरॅप आणि मॅकवर सीटबेल्ट ही यंत्रणा वापरतो. तिथे लिहिण्याची मुभा प्रकल्पाच्या फोल्डरपुरती आणि इंटरनेट ठरवून दिलेल्या ठिकाणांपुरतं. कमांड कशीही लिहिली तरी ऑपरेटिंग सिस्टीमच आडवी येते.

सँडबॉक्सचा आणखी एक फायदा माणसाच्या स्वभावाशी जोडलेला आहे. सहाय्यक दर पावलाला ‘चालवू का?’ असं विचारत राहिला, की थोड्याच वेळात प्रोग्रॅमर न वाचताच एंटर दाबू लागतो. बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती पास करायची असा नियम असतो. पण दुसरा डोळे मिटून सही ठोकू लागला तर तो नियम कागदावरच राहतो. सँडबॉक्समुळे आपल्या अंतर्गत वापरात असे प्रश्न ८४ टक्क्यांनी घटल्याचं क्लॉड कोड बनवणाऱ्या अँथ्रॉपिकने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं. प्रश्न मोजके असले, तर ते वाचले जाण्याची शक्यता वाढते.

तपासणीचं काम दुसऱ्या एआयवरच का सोपवू नये? ओपनएआयने जून २०२४ मध्ये क्रिटिकजीपीटी हे मॉडेल मांडलं, ते चॅटजीपीटीच्या कोडमधल्या चुका दाखवण्यासाठी. त्याची मदत घेऊन कोड तपासणाऱ्यांचं काम, मदत न घेणाऱ्यांपेक्षा ६० टक्के वेळा सरस ठरलं. मात्र हे मॉडेल अधूनमधून नसलेल्या चुकाही दाखवायचं.

मार्च २०२५ मध्ये त्याच कंपनीचं एक संशोधन आलं, ते अधिक विचार करायला लावणारं होतं. एका मॉडेलला असा कोड लिहायचा होता, की सगळ्या टेस्ट पास व्हाव्यात. त्याने पळवाट काढली: टेस्ट नीट चालण्याआधीच प्रोग्रॅम गुंडाळायचा, म्हणजे नापास व्हायचा प्रश्नच नाही. त्याचे ‘विचार’ मजकुराच्या रूपात उमटत असल्याने दुसऱ्या मॉडेलने ते वाचून चोरी पकडली. मग प्रशिक्षणात अशा विचारांना दंड लावून पाहिला. लबाडी पुरती थांबली नाही. बेत मात्र विचारांत दिसेनासा झाला. विचारांवर थेट असा दबाव आणू नका, असा सल्ला संशोधकांनी दिला, कारण त्याने नजर ठेवण्याची खिडकीच बंद होते.

आणि परवानगी विचारण्याचा पहारा तर एका बटणासरशी उठवता येतो. बहुतेक साधनांत ‘काहीही न विचारता चालव’ असा पर्याय असतो. क्लॉड कोडमध्ये त्याच्या नावातच ‘डेंजरसली’ हा शब्द आहे, जेमिनाय सीएलआयमध्ये त्याला ‘योलो’ म्हणतात. ऑगस्ट २०२५ मध्ये एनएक्स या लोकप्रिय पॅकेजच्या बाधित आवृत्त्या एनपीएम या पॅकेजच्या भांडारावरून पसरल्या. त्यांतला घातक कोड प्रोग्रॅमरच्या संगणकावर एआय सहाय्यक आहे का ते बघायचा, आणि असला तर हाच पर्याय लावून त्याला गुप्त माहितीच्या फायली हुडकायला जुंपायचा. चोराने घरच्याच नोकराला कामाला लावलं होतं.

मोठ्या कंपनीत यावर उपाय आहे. क्लॉड कोडमध्ये हा पर्याय व्यवस्थापकाला सगळ्या संगणकांवर बंद करता येतो आणि कर्मचाऱ्याला तो परत चालू करता येत नाही. हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीत अशी सेटिंगची फाइल आयटी विभागाकडून प्रत्येक लॅपटॉपवर जाऊ शकते. घरून एकट्याने काम करणारा फ्रीलान्सर मात्र स्वतःचा व्यवस्थापक स्वतःच असतो. त्याला हे सगळं आपल्या हाताने करावं लागतं: सहाय्यकाला कामाला लावण्याआधी गिटमध्ये कमिट करायचं, खऱ्या डेटाबेसचा पासवर्ड प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ठेवायचा नाही, आणि बॅकअप ठेवायचा तो सहाय्यकाचं लॉगिन पोचणार नाही अशा जागी.