वाकडी चाकं, सरळ गाडी

स्वयंपाकघरातून स्टीलचा एक पेला आणा. तोंडाशी रुंद आणि बुडाशी निमुळता असेल तोच हवा. फरशीवर आडवा ठेवा आणि हलकेच ढकला. गेला सरळ? छे! बुडाच्या दिशेने वळत वळत गोल फिरायला लागला. कितीही नेम धरून ढकला, तो वळणारच. तोंडाकडच्या कडेचा घेर मोठा, त्यामुळे ती एका फेरीत जास्त अंतर तोडते. बुडाकडची कड मागे राहते. मग वळण्यावाचून पेल्याला इलाज नाही.

धाराशिव जिल्ह्यातल्या बेंबळी गावच्या गाड्यांचं या पेल्याशी फार जवळचं नातं आहे. गॅरेजपुढे जीप उभी करून ड्रायव्हर म्हणतो, "मिस्त्री, गाडी डाव्या साईडला वढायलीय." म्हणजे स्टेअरिंग सरळ धरलं तरी गाडी आपली डावीकडे सरकते. तिला मधे ठेवायचं तर स्टेअरिंग सतत उजवीकडे दाबून धरावं लागतं. धाराशिवला पोचेपर्यंत मनगट अवघडून जातं. शहाणा मिस्त्री लगेच पाना उचलत नाही. आधी तो गुन्हेगार शोधतो, आणि गंमत म्हणजे पहिला संशय गाडीवर नसतोच. तो असतो रस्त्यावर!

रस्ता सपाट दिसतो, पण सपाट नसतो. पावसाचं पाणी साचू नये म्हणून डांबरी रस्ता मुद्दाम मधे उंच आणि दोन्ही कडांकडे उतरता बांधतात. उतार साधारण शंभराला दोन. म्हणजे ७ मीटर रुंद रस्त्याची कड मध्यापेक्षा ७ सेंटिमीटर खाली. एवढ्याशाने काय होतं? हिशेब करा. १००० किलोच्या गाडीला हा उतार जवळजवळ २० किलो वजनाइतक्या जोराने कडेकडे लोटतो, आणि एक क्षणही उसंत देत नाही. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो, म्हणून आपली गाडी डावीकडे झुकते. जर्मनीत उजव्या बाजूने चालवतात, तिथे ती उजवीकडे झुकते. तेव्हा डावीकडची किंचित ओढ हा आजार नव्हेच. त्यात आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा रस्ता मग सरळ कसा राहील?

रस्ता निर्दोष सुटला की मिस्त्री हवा तपासतो. पुढच्या एका टायरात हवा कमी असली, की तो टायर दबतो, जड चालतो आणि गाडीला आपल्या बाजूला ओढतो. निम्म्या तक्रारी इथेच मिटत असाव्यात असं मला वाटतं. पंपवाल्याचं काम, दोन मिनिटांचं!

पण हवा ठीक असली तरी टायर लबाड असू शकतो. त्याच्या आत पोलादी तारांचे पट्टे असतात. कारखान्यात ते जरासे एका बाजूला सरकले, तर टायर दिसतो चांगला गोल, पण धावताना आपल्या पेल्यासारखा वागतो. त्याला पकडायची युक्ती झकास आहे. पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी लावायचे. आता गाडी डावीकडेऐवजी उजवीकडे ओढायला लागली? सापडला चोर! ब्रेक मारल्यावरच ओढत असेल, तर मात्र चौकशी ब्रेकची. एखादा ब्रेक अडकून राहिला, तर ते चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापतं. (तुम्ही हात लावून बघायचं नाही. चटका बसतो.)

हे सगळे निर्दोष निघाले, की मग येते अलाइनमेंटची, म्हणजे चाकांच्या कोनांची पाळी.

गाडीची चाकं ताठ, सरळ उभी असतात असं वाटतं ना? बहुतेक गाड्यांत ती किंचित कललेली असतात. एक नाणं जमिनीवर घरंगळत सोडा. ते ज्या बाजूला कलेल, त्याच बाजूला वळतं. कललेलं चाकही तसंच करू पाहतं. डावं चाक एकीकडे खेचतं, उजवं तितक्याच जोराने दुसरीकडे, आणि या भांडणात गाडी मुकाट सरळ जाते. एक चाक खड्ड्यात जोरात आदळलं, त्याचा कल बदलला, की भांडण बरोबरीचं उरत नाही.

रेल्वेने तर ही युक्ती उघडउघड वापरली आहे. ती पाहायला बेंबळीकरांना धाराशिव स्टेशन गाठावं लागतं. आगगाडीला स्टेअरिंग नसतं, आणि तिची चाकं असतात चक्क पेल्यासारखी निमुळती! रुंद बाजू आत, अरुंद बाहेर, दोन्ही चाकं एकाच आसाला घट्ट बसवलेली. जोडी डावीकडे सरकली, की डावं चाक आपल्या मोठ्या घेरावर चालतं, पुढे पळतं आणि सगळी जोडी परत मधे वळते. चाकाची आतली उंच कड असते ती अडचणीच्या वेळेसाठी.

मोटारीच्या चाकांत आणखी एक वाकडेपणा असतो. वरून पाहिलं तर पुढच्या चाकांची तोंडं किंचित आत किंवा बाहेर वळलेली दिसतात. यात चूक झाली तर गाडी फारशी ओढत नाही. टायर मात्र झिजतो. चाक अंशाचा फक्त दहावा भाग वाकडं असलं, तरी दर किलोमीटरला ते पावणेदोन मीटर आडवं फरफटतं. १०० किलोमीटरला पावणेदोनशे मीटर झाले! लातूरसारख्या शहरात हे कॅमेऱ्यांनी आणि संगणकाने मोजतात. जुने मिस्त्री गाडीच्या दोन्ही अंगांना सुतळी ताणून मोजत, आणि अजूनही काही मोजतात. मला सुतळीवालेच जास्त आवडतात. त्यांचं माप पोरांनाही बघता येतं.

आता एक उद्योग. पंक्चरच्या दुकानाबाहेर जुने टायर पडलेले असतात. दुकानदारकाकांना विचारून त्यांची नक्षी बघा. दोन्ही कडा झिजल्यात आणि मधली नक्षी शाबूत आहे? त्यात हवा कमी असायची. मधेच गुळगुळीत झालाय? मग हवा जास्त. एकच कड खाल्लेली असेल, तर चाकाचा कल बिघडला असावा. आणि नक्षीवरून आडवा हात फिरवताना एकीकडून मऊ, उलटीकडून खरखरीत लागला, तर ते चाक फरफटत गेलेलं आहे. फक्त बोटं जपून फिरवा, झिजलेल्या टायरातून तारा वर आलेल्या असतात.