कूस बदलण्याची विद्या

आर्वीहून आष्टीची एस. टी. धरली तेव्हा मनात एकच धाकधूक होती, मामा भेटतात की नाही! अर्धांगवायूचा झटका येऊन दीड महिना झाला होता. वाड्यात शिरलो तो मामी त्यांच्या माकडहाडावर खोबरेल तेल चोळीत बसलेल्या. तिथली कातडी लालभडक झालेली. खाली हवा भरलेले रबरी कडे होते. ते मीच मुंबईहून धाडले होते आणि, खोटे कशाला बोलू, त्याचा मला अभिमानही होता.

तेवढ्यात शेजारची लेक आली. सेवाग्रामला परिचारिकेचे शिक्षण घेतलेली, चार दिवस माहेरी आलेली.

"काकू, तेल कायले चोळता जी? आतलं मांस दबून दुखावलं आहे, चोळल्यानं आणखी फाटते. अन् हे कडं काढा पहिले. यानं भोवतालचं रक्त अडते."

माझा अभिमान कड्यातल्या हवेबरोबर निघून गेला.

मग तिने दाखविले. दर दोन तासांनी कूस बदलायची. पुरते आडवे न करता पाठीशी उशी देऊन थोडे कलते ठेवायचे. ओढायचे नाही, खालच्या चादरीसकट दोघांनी उचलायचे. मामी मामांना निजल्यानिजल्या पेज पाजीत, तेही तिने थांबविले. झटक्यानंतर गिळणे बिघडते आणि घास श्वासनलिकेत जातो. ताठ बसवून, लहान लहान घास. नंतर अर्धा तास निजवायचे नाही.

ज्या इस्पितळातून मामांना आणले, तिथे औषधांची यादी हातभर दिली होती. यातले अवाक्षर कोणी सांगितले नव्हते. साठ वर्षांचा संसार केलेली बाई सेवेत काय कमी पडणार, असे आम्हीही धरून चाललो. माया उदंड होती, पण त्याच मायेने जखम वाढत होती.

वर्धा जिल्ह्याला हे खरे तर नवे नसावे. १९३९ साली कुष्ठरोगी परचुरेशास्त्री सेवाग्रामी आले, तेव्हा गांधीजी स्वतः त्यांचे अंग चोळून देत. तिथेच १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी वैद्यकीय महाविद्यालय काढले. त्याचे विद्यार्थी आजही खेड्यात शिबिराला जाऊन राहतात. आईबापांना पोसण्याचा कायदा २००७ साली झाला, वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली आला. पोटगी कायद्याने मिळेल. चादर कशी धरावी हे मात्र कोणीतरी घरी येऊनच शिकवायला हवे.

१६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. ठाण्यावर तिरंगा लावायला निघालेल्या आष्टीकरांवर गोळीबार झाला, तेव्हा मामा आठ वर्षांचे होते. ती हकीकत आम्ही त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकली. आता शब्द फुटत नाही. डावा हात तेवढा उचलतात.

जखम भरायला अडीच महिने लागले. त्यातले आठ दिवस मी तिथे होतो. पहिल्या रात्री दोन वाजता गजर झाला. मी डोळे चोळीत उठलो, मामांच्या टाचेखाली उशी सरकवू लागलो.

"तिथं नाही," कंदिलाएवढ्या दिव्याच्या उजेडात मामी म्हणाल्या, "पोटरीखाली. टाच अधांतरी राहू द्या. आता चादर धरा."