पुढची भाषा कोणती? आधी मराठीला विचारा

‘जगातल्या सगळ्यात सोप्या आणि सगळ्यात अवघड भाषा’ अशा याद्या आपल्या मोबाइलवर सारख्या येऊन पडतात. त्यातल्या पुष्कळ याद्यांचं मूळ एकच असतं, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचा तक्ता. त्यात स्पॅनिश, इटालियन सोप्या गटात आहेत. जपानी, कोरियन, चिनी आणि अरबी सर्वांत अवघड गटात, वर्गातले सुमारे २२०० तास खाणाऱ्या. तक्ता खरा आहे, पण तो इंग्रजी बोलत वाढलेल्यांसाठी केलाय. मराठीनं आपल्याला लहानपणीच अशा काही गोष्टी फुकटात शिकवून ठेवल्यात की हौसेनं भाषा निवडताना तो तक्ता खुशाल बाजूला ठेवावा.

जपानीच घ्या. आधी कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद. क्रम थेट आपला. प्रत्ययही शब्दाच्या मागे: ‘पुणे नि’ म्हणजे पुण्याला, ‘पुणे कारा’ म्हणजे पुण्याहून, ‘पुणे नो’ म्हणजे पुण्याचा. खरी मजा क्रियापदांच्या जोड्यांत आहे. ‘ताबेते’ म्हणजे खाऊन आणि ‘मिरु’ म्हणजे पाहणे. ‘ताबेते मिरु’? खाऊन पाहणे! ‘काइते’ म्हणजे लिहून, ‘ओकु’ म्हणजे ठेवणे. ‘काइते ओकु’ म्हणजे अर्थातच लिहून ठेवणे. ‘ताबेते शिमाउ’ म्हणजे खाऊन टाकणे. इंग्रजी बोलणाऱ्याला यासाठी नियम घोकावे लागतात, आपल्याला नुसते शब्द बदलायचे. आपलं काळीज धडधडतं, जपान्यांचं ‘दोकिदोकी’ करतं. आपल्याकडे तारे लुकलुकतात, त्यांच्याकडे ‘किराकिरा’ चमकतात.

जपानी अक्षरांचं कोष्टकही ओळखीचं वाटेल: आधी स्वर, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. या क्रमामागे भारतातून गेलेली वर्णमाला आहे. जपानमधले बौद्ध भिक्षू सिद्धम् लिपीतून संस्कृत शिकत, त्या अभ्यासातून तो तिथे रुजला. दमछाक होते ती कांजी नावाच्या चित्राक्षरांपाशी. सरकारच्या रोजच्या वापराच्या यादीतच २१३६ आहेत. तरी माझं मत पक्कं आहे: मराठी माणसाला जपानी वाचायला जड आणि बोलायला हलकी.

लिपीचा धाक असेल तर कोरियन. ‘खाऊन पाहणे’ तिथेही आहे आणि लिपी म्हणजे निव्वळ आनंद. राजा सेजोंगनं १४४३ मध्ये ती तयार केली आणि १४४६ मध्ये जाहीर केली. ‘म’चं चिन्ह मिटलेल्या तोंडासारखं चौकोनी. ‘न’ म्हणताना जिभेचं टोक वर जाऊन टेकतं, त्याच आकाराचं ‘न’चं चिन्ह. मूळ अक्षरं आज अवघी २४. दक्षिण कोरियात ९ ऑक्टोबरला या लिपीसाठी सार्वजनिक सुट्टी असते! लिपीसाठी सुट्टी देणारा देश मला तरी फार आवडतो.

तुर्की फक्त एका गोष्टीसाठी शिकावी असं वाटतं. तिथे पाहुण्याला ‘चाय माय’ विचारतात. हो, चहाबिहाच. पुस्तकबिस्तक म्हणजे ‘किताप मिताप’. आपला ‘बि’, त्यांचा ‘म’.

आता इंडोनेशियन, म्हणजे ‘बहासा’; हा शब्द आपल्या ‘भाषा’चाच. ‘आम्ही निघालो’ आणि ‘आपण निघू’ यात केवढा फरक आहे! पहिल्यात समोरचा मागे राहतो, दुसऱ्यात तोही चपला घालतो. इंग्रजीचा ‘वुई’ आणि हिंदीचा ‘हम’ इथे गप्प बसतात. इंडोनेशियनमध्ये मात्र आम्हीला ‘कामी’ आणि आपणला ‘किता’ असे दोन वेगळे शब्द आहेत, आणि ते कधी वापरायचे हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही. ‘साया माकान’ म्हणजे मी खातो. मध्ये ‘सुदाह’ घातलं की खाऊन झालं, ‘आकान’ घातलं की खाणार. अनेकवचन करायला शब्द दोनदा म्हणायचा: बुकू-बुकू, पुस्तकं. फुलपाखरू मात्र एकटं असलं तरी ‘कुपू-कुपू’च. नवरा ‘सुआमी’, बायको ‘इस्त्री’, म्हणजे स्वामी आणि स्त्री. लिपी रोमन. महिनाभरात चार वाक्यं धडाधड बोलायची असतील तर हीच घ्या.

जर्मनची लिंगं आणि शेवटी जाणारी क्रियापदं यांवर मार्क ट्वेननं १८८० मध्ये एक अख्खा लेख भरून तक्रार केली. मुलीला नपुंसकलिंग म्हणजे काय, असा त्याचा सवाल. आपल्याला ‘ते पोरगं’ आणि ‘ते लेकरू’ ठाऊक आहे, तो-ती-तेचं त्रिकूटही पाठ आहे; देअर-दी-दास त्याच घरातलं. ‘वाइल इश माराठी श्प्रेशे’, कारण मी मराठी बोलते: क्रियापद बरोब्बर शेवटी. सूर्य तिकडे स्त्रीलिंगी आहे, तेवढं सांभाळा.

पोर्तुगीजचा धडा तर आपण शिकायच्या आधीच गिरवलाय: बटाटा, पाव, कोबी, काजू, साबण, चावी, पगार, लिलाव, नाताळ.

आणि आता माझी सगळ्यात लाडकी. कॉकेशस पर्वताच्या कुशीतल्या जॉर्जिया देशाची जॉर्जियन. मराठीशी तिचं काडीचंही नातं नाही, पण गंमत पाहा. आपण ‘माणूस सफरचंद खातो’ म्हणतो, पण भूतकाळात ‘माणसानं सफरचंद खाल्लं’. जॉर्जियनमध्येही भूतकाळात तसंच होतं: ‘कात्सी’ म्हणजे माणूस, ‘कात्समा’ म्हणजे माणसानं. त्याहून कमाल म्हणजे आपले मी आणि तू हा ‘नं’ लावून घेत नाहीत, आणि त्यांचेही नाहीत. वर त्यांचा ‘मी’ चक्क ‘मे’ आहे! कात्सीतला ‘त्स’ही आपल्या चमच्यातल्या ‘च’च्या फार जवळचा. अक्षरं ३३, गोलसर, द्राक्षवेलीच्या तणाव्यांसारखी वळणारी. लहान आणि मोठी अक्षरं असा भेद नाही, लिहिलं तसं वाचायचं. क्रियापद घाम काढतं, कारण कोण करतंय आणि कुणाला करतंय, दोन्ही त्याच्याच पोटात असतं. पण हौसेला घाई नसते. पहिल्या दिवशी फक्त घरातली माणसं शिका: तिथे ‘देदा’ म्हणजे आई आणि ‘मामा’ म्हणजे चक्क बाबा.