भुकेची फौजदारी
१८५४ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा होऊन छत्तीसगढचा सारा मुलूख इंग्रजी अमलाखाली गेला, आणि दोनच वर्षांनी दुष्काळाने रयत अन्नान्नदशेस पोहोचली असता, सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांनी कसडोलच्या माखन नामक व्यापाऱ्याचे कोठार फोडून धान्य उपाशी लोकांत वाटले व त्याची वर्दी स्वतःच सरकारात दिली. चोर अशी वर्दी देत नसतो, पण फिर्याद व्यापाऱ्याची, तेव्हा गुन्हा दाखल झाला तो चोरी-दरोड्याचाच! विलायतेतही त्या काळी भुकेल्या शेतमजुराने जमीनदाराच्या रानातला ससा मारला, तर त्याची रवानगी तुरुंगात होई. या गुन्ह्याखाली जेथे डांबले होते त्या रायपूरच्या तुरुंगातून निसटून नारायणसिंहांनी सत्तावनच्या धामधुमीत शस्त्र उचलले. १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात त्यांना फाशी देण्यात आली.