सांरचनिक भूरूपविज्ञान

सांरचनिक भूरूपविज्ञान ही भूरूपविज्ञानाची एक शाखा आहे. भूकवचाच्या हालचाली आणि क्षरण यांच्या परस्परक्रियेतून भूरूपे कशी घडतात, याचा अभ्यास या शाखेत केला जातो. गेल्या काही हजार ते काही लक्ष वर्षांतील हालचालींच्या खुणा डोंगरउतार, नदीपात्रे व किनारे यांवर शिल्लक राहतात. भूकंपमापकांच्या नोंदी जेमतेम शतकभराच्या असल्याने, दीर्घ कालांतराने भूकंप घडवणारे विभंग ओळखण्यासाठी या खुणा महत्त्वाच्या ठरतात.

नद्यांवरील खुणा

नदी उताराला संवेदनशील असते, त्यामुळे जमीन किंचित कलली तरी तिचा प्रवाह बदलतो. जमीन उचलली गेल्यास नदी आपले पात्र खोल कापते आणि जुने पूरमैदान काठावर पायरीसारखे उंच उरते. अशा सपाट पट्ट्यांना नदी वेदिका म्हणतात. उत्थानापेक्षा खननाचा वेग कमी न पडल्यास नदी आपला मूळ मार्ग टिकवते. हिमालयाला खोल घळईतून छेदणाऱ्या सिंधू, सतलज व अरुण या नद्या अशा पूर्ववर्ती नद्यांची उदाहरणे मानल्या जातात.

विभंगाच्या दोन्ही बाजू एकमेकींना समांतर सरकल्यास नदीचे पात्र काटकोनात वळल्यासारखे दिसते. कॅलिफोर्नियातील वॉलेस क्रीक हा ओढा सॅन अँड्रियास विभंगावर सुमारे १३० मीटर सरकला आहे. हे सरकणे सुमारे ३,७०० वर्षांत झाले असल्याने विभंगाचा सरासरी वेग वर्षाला सुमारे ३४ मिलिमीटर येतो.

अल्लाबंद

१६ जून १८१९ रोजी कच्छमध्ये झालेल्या भूकंपात कच्छच्या रणातील सपाट भूमीवर सुमारे ८० किलोमीटर लांबीचा उंचवटा निर्माण झाला. त्याच्या दक्षिणेकडील जमीन खचून सिंद्री येथील किल्ला पाण्याखाली गेला. उंचवट्यामुळे सिंधूच्या पूर्वेकडील पुराण या शाखेचा मार्ग अडला. माणसांनी बांधलेल्या बंधाऱ्यांपेक्षा वेगळा म्हणून स्थानिकांनी त्याला ‘अल्लाबंद’ असे नाव दिले. १८२६ मधील सिंधूच्या पुराने तो फोडून वाट काढली.

मापन व कालनिर्णय

पर्वताच्या पायथ्याची प्रत्यक्ष लांबी आणि त्याच दोन टोकांमधील सरळ अंतर यांचे गुणोत्तर १ च्या जवळ असल्यास पर्वताची कड सरळ असते व ती सक्रिय विभंगाची शक्यता दर्शवते. क्षरण वरचढ ठरल्यास कड नागमोडी होते व गुणोत्तर वाढते. वेदिकांचे वय सेंद्रिय अवशेषांतील कार्बन-१४, वाळूच्या कणांची प्रकाशदीप्ती किंवा खडकांतील बेरिलियम-१० यांवरून ठरवतात. उंची व वय यांवरून नदीच्या खननाचा वेग मिळतो, त्यावरून उत्थानाच्या वेगाचा अंदाज बांधता येतो.

मर्यादा

एकच भूरूप अनेक कारणांनी घडू शकते. धबधबा हा कठीण खडकामुळे किंवा समुद्रपातळी खालावल्यामुळेही तयार होतो, तर वेदिका हवामानबदलाने निर्माण होऊ शकतात. त्यामुळे कोणत्याही एका खुणेवरून निष्कर्ष काढला जात नाही. याउलट, हालचाल मंद असल्यास क्षरण तिच्या खुणा पुसून टाकते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी भूकंपाने उद्ध्वस्त झालेले लातूर जिल्ह्यातील किल्लारी हे तत्कालीन भूकंपप्रवणता नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होते. ठळक भूरूपांचा अभाव म्हणजे भूकंपाच्या धोक्याचा अभाव नव्हे.